उत्तरेकडून पाचवा दगड

भाद्रपदातली सकाळ करंजमाळावर उतरते ती सोन्याच्या पावलांनी. दवभारल्या पवन्या गवताच्या तुऱ्यांतून, कुसळीच्या रेशमी टोकांतून प्रकाश झिरपत जातो, झिरपत जातो. आणि झुळूक आली की सारा माळ तृणसागर होऊन डोलू लागतो.

त्या सागराच्या मधोमध, दक्षिणोत्तर, घागरीएवढ्या पांढऱ्या दगडांची रांग. रांगेच्या पश्चिमेचं अभयारण्य सिद्राम राखणदाराचं, पूर्वेचं भीमाण्णा राखणदाराचं. वाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. माळढोक पक्ष्याला तर मुळीच नव्हतं.

अकरा वर्षं सिद्रामनं आपला माळ नवरीसारखा सजवला होता. गाजरगवत उपटलं, मोकाट कुत्री पिटाळली, वणव्याआधी जाळरेषा काढल्या, पाणवठा वैशाखातही आटू दिला नाही. आणि तो श्वेतकंठ, तो कृष्णमुकुट, तो गर्वोन्नत नर रोज सकाळी त्या पाणवठ्यावर पोटभर पाणी पिऊन, चोच पुसून, सावकाश रांग ओलांडून नाचायला भीमाण्णाकडे जात होता.

तिथं तो गळ्याची शुभ्र पिशवी गुडघ्यांपर्यंत फुगवी, शेपटीचा पंखा पाठीवर उभारी, आणि त्याचा घुमारा माळभर पसरे. सिद्रामच्या काळजात कुसळ रुते. रोज एक. रोज नवं.

"तात्या, आज सव्वा तास नाचला बरं का!" भीमाण्णा रांगेपलीकडून हाक देई.

"नाचू दे की. वरात तुझ्या दारची हाय."

घरी केराबाई भाकरी थापता थापता नवऱ्याला म्हणे, "पाखरापायी एवढं झुरताय. माझ्यापायी एक दिस तरी ताट बाजूला सारलं हुतं का?"

सिद्राम ताट पुढं ओढी.

पोळा झाला की दगडांना चुना लावायचा, हा दोघांचा रिवाज. सिद्राम उत्तरेकडून निघे, भीमाण्णा दक्षिणेकडून. मधल्या बाभळीखाली भेट आणि चहा. यंदा सिद्राम उजाडता उजाडताच आला. चुन्याची बादली खाली ठेवली, पहिला दगड पोटाशी कवटाळला, आणि चाळीस पावलं पूर्वेला नेऊन अलगद मांडला. नाचाची जागा रांगेपासून तिसाव्या पावलावर होती. नकाशा कचेरीत, माळावर हद्द म्हणजे दगड. आणि दगड चालत नाहीत, असं कचेरीचं ठाम मत होतं.

दुसरा. तिसरा. चौथा.

पाचव्यापाशी तो वाकला आणि तसाच थिजला.

दगडाच्या पूर्वेला, हातभर अंतरावर, मातीच मान वर करून त्याच्याकडे पाहत होती. मृत्तिकावर्णी, तृणवर्णी, निश्चल मादी. तिच्या छातीखालून डोकावणारं शेवाळी रंगाचं एकच एक अंडं. साऱ्या माळाचं, साऱ्या वर्षाचं, एकच.

एक हात. दगड एक हात सरकवला, की ती त्याची होती.

आणि सरकवला, की ती उडाली असती. बाभळीवर दोन कावळे बसले होते; त्यांना घाई नव्हती.

सिद्रामची बोटं दगडावरून सुटली. आधी करंगळी, मग बाकीची. तो पोटावर सरपटत, कुसळं छातीत घेत मागं गेला. मग चारही दगड त्यानं होते तिथं परत आणले. जाताना दगडाएवढे असलेले दगड येताना डोंगराएवढे झाले होते. मग पाचवा सोडून त्यानं आपल्या वाटणीच्या दगडांना चुना लावला.

"तात्या, पाचवा कोरडाच ठेवला की! डोळं गेलं काय?" दक्षिणेकडून भीमाण्णा आला.

"वाकून ये. अन् तोंड मिटून ये."

सिद्रामनं पाचव्या दगडापलीकडं बोट दाखवलं. अकरा वर्षांची कुसळं एकदम घशाशी आली.

"तुझ्या हद्दीत अंडं हाय."

कावळे हाकलून दोघं बाभळीखाली बसून राहिले. चहा निवला. दुपार कलली. ऊन पश्चिमेकडून, सिद्रामच्या माळावरून, तिरपं येऊ लागलं. आणि त्या एकट्या, बिनचुन्याच्या दगडाची सावली हळूच निघाली, हद्द ओलांडून मादीच्या पाठीवर जाऊन टेकली.

भीमाण्णा ती सावली पाहत होता. मग, कुठंतरी काहीतरी रुतल्यासारखा, म्हणाला, "तात्या, ह्यो दगड कुणाच्या वाटणीचा?"

"उत्तरेकडून पाचवा. माझ्या."

ऊन उतरत गेलं. सावली लांबत गेली. माळ भीमाण्णाचा, मादी भीमाण्णाची, अंडं भीमाण्णाचं. आणि त्या साऱ्यांवर, तसूतसूनं, हलक्या हातानं, सिद्रामचा दगड पांघरूण घालत होता.