पान वाढलंय

"सर्व्हर म्हणजे काय गो?" शांता मावशीने विचारलं, तेव्हा अपेक्षाने आधी दोन-चार इंग्रजी शब्द फेकून बघितले. मावशीच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मग अपेक्षाला सुचलं.

"मावशी, सर्व्हर म्हणजे वाढपी! कोणी पान मागितलं की आणून वाढणारा."

"मगे तसा सांग ना!" मावशी ताठ बसली. "वाढण्यातला माका शिकव नको."

ते खरंच होतं. लालबागच्या खानावळीत मावशी बावीस वर्षं वाढत होती. एका पंगतीला चाळीस गिरणी कामगार, आणि कोणाच्या पानावर आमटी कमी आहे हे तिला पाठमोरं असताना कळायचं.

आता ती खानावळ नाही. परळच्या ज्या चाळीत मावशी आणि अपेक्षा समोरासमोर राहायच्या, तीही टॉवर बांधायला म्हणून रिकामी झाली होती. माणसं पांगली, कोणी भोईवाड्यात भाड्याने, कोणी शीव कोळीवाड्यात, कोणी पार विरारला. म्हणून नववीतल्या अपेक्षाने आणि तिच्या पूर्वी नावाच्या मैत्रिणीने इंटरनेटवर चाळीचं पान बनवलं होतं. खोलीवार फोटो, कोण आता कुठे राहतं, कोणाला नातू झाला, सगळं. आणि त्यातली गंमत अशी, की ते पान कुठल्याही कंपनीच्या मशीनवर ठेवलेलं नव्हतं. ते चाळकऱ्यांच्याच फोनमध्ये, ब्राउझरच्या उघड्या टॅबमध्ये राहायचं. ज्याने उघडलं, तो पुढच्याला द्यायचा. जेवणाराच वाढपी!

फक्त एक अट होती. फोन झोपला की टॅब झोपला, आणि टॅब झोपला की वाढपी गेला.

"उद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे," अपेक्षाने मावशीला बजावलं. "दहा वाजता टॅब उघडायचा. फोन चार्जिंगला लावायचा, स्क्रीन विझू द्यायची नाही. परीक्षक येऊन गेले की मी फोन करते."

हेच तिने चाळीतल्या दौलत काकांना, गौतमदादाला आणि कालिंदी काकूंनाही सांगितलं. चार वाढपी म्हणजे काय, राजेशाही पंगत!

परीक्षक अकराला येणार होते. बारा वाजले, एक वाजला. शेजारच्या टेबलावर वरदची बोलणारी कचरापेटी कोणीही जवळून गेलं की "धन्यवाद!" म्हणत होती. अपेक्षाच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात आकडा होता, वाढपी पाच. एक लॅपटॉप स्वतः आणि चार चाळकरी. साडेबाराला चार झाले. गौतमदादा ड्यूटीवर गेला असणार. एकला तीन. दौलत काकांची झोपायची वेळ.

"अपे, अजून एक गळला तर?" पूर्वी कुजबुजली.

"गप गं. नाट लावू नको."

आणि नेमके तेव्हाच परीक्षक शरच्चंद्र सर आले. निवृत्त इंजिनीयर, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात गुणांची वही. यांनी 'निवड' लिहिलं तरच प्रकल्प मुंबईच्या फेरीला जाणार होता. अपेक्षाने एका दमात सगळं सांगितलं.

"वाढपी? पंगत?" सरांनी चष्म्यावरून बघितलं. "गृहविज्ञानाचं दालन वरच्या मजल्यावर आहे ना?"

वरद फिसकन हसला. अपेक्षाचे कान तापले, पण आवाज नाही कापला. महिन्यापूर्वीची अपेक्षा असती तर टेबलाखाली गेली असती!

"सर, पत्ता उघडला की तुमच्या फोनवर आधी फक्त रिकामं ताट येतं, आणि वाढायला कोण मोकळं आहे ते कळतं. एवढं सांगायला एक छोटं मशीन लागतं, ते खरंय. पण पदार्थ त्या मशीनकडे नसतातच. ते माणसांकडून येतात."

"म्हणजे तुमच्या या लॅपटॉपमधून येतात."

"यातूनच असं नाही सर. कोणाकडूनही."

"असं?" सरांनी शांतपणे हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण खट्‌कन मिटलं. मग खिशातून स्वतःचा फोन काढून पत्ता टाकला. "बघू तर मग."

फोनवर रिकामं ताट आलं. मधोमध एक चक्र गरगरत राहिलं.

पूर्वीने अपेक्षाचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. कालिंदी काकूंचा फोन जुना, दुपारी तापून बंद पडतो. आणि मावशी? मावशीची जेवायची वेळ तर कधीच टळून गेली होती. चक्र फिरत होतं. सर वहीवर पेन टेकवून उभे होते.

"धन्यवाद!" कचरापेटी म्हणाली.

आणि पान आलं! आधी खोली नंबर एक, मग दोन, मग भराभर सगळी चाळ सरांच्या तळहातावर उभी राहिली. तळाला एक ओळ उमटली : 'वाढपी : शांता, खोली सतरा.'

सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "या शांताबाई कोण?"

अपेक्षा ताठ झाली, अगदी मावशी बसली होती तशी. "लालबागच्या खानावळीत बावीस वर्षं वाढत होत्या सर. आता शीव कोळीवाड्यात राहतात. आत्ता तुम्हाला त्यांनीच वाढलं."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. पूर्वीने मान वाकडी करून वाचलं आणि चक्क उडी मारली. 'निवड.' मग सरांनी विचारलं, "साहाय्यकाच्या रकान्यात कोणाचं नाव घालू?"

"शांता मावशीचं," दोघी एकदमच म्हणाल्या.

अपेक्षाने लगेच फोन लावला. "मावशी, तू अजून टॅब उघडा ठेवलायस? दीड वाजून गेला!"

"तू खंय सांगितलंस पंगत उठली म्हणून?" मावशी खेकसली. "पंगत उठल्याशिवाय वाढपी कधी बसता काय? मी अजून जेवक नाय हां!"

तेवढ्यात दुसऱ्या परीक्षक लतिकाबाईंनी आपल्या फोनवर पत्ता टाकला. पान चटकन आलं. तळाला ओळ होती : 'वाढपी : नवे पाहुणे, शाळेचं सभागृह.' प्रदर्शनातल्या पाहुण्यांच्या फोनसाठी दोघींनी आधीच ठेवलेलं नाव. म्हणजे सर! ते फोन खिशात ठेवायला निघाले होते, ओळ वाचून थबकले आणि फोन पुन्हा नीट हातात धरून, स्क्रीन विझू न देता, उभे राहिले.

"पंगत नाही उठली गं मावशी," अपेक्षा म्हणाली. "पण तू आता जेव. वाढायला आमचे सर उभे आहेत."