मालनबाईंच्या टाचेवरचं कमळ

साहेब, एका बाईच्या फुटलेल्या टाचेवर तुम्ही कमळ छापलंत. लाल पेन्सिल तुमची होती आणि अंग माझं वापरलंत. म्हणून हे तुमच्या तोंडावर सांगतो आहे, आणि ऐकायला मुलांना बसवलं आहे.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. घाटकोपरच्या एका छोट्या छापखान्यात खणात पडून असतो. माझ्या अंगावर तळं आहे, तळ्यात कमळ आणि वर चंद्रकोर. अनंत नावाच्या कारागिराने शिसवाच्या तुकड्यातून मला नऊ दिवसांत कोरलं. शेवटच्या पाकळीला त्याची पटाशी निसटली. ती पाकळी अजून तुटकीच उमटते.

एका हिंदी संस्थेचा वार्षिक अंक इथे छापला जाई. त्यातल्या प्रत्येक कवितेच्या डोक्यावर मी. त्या काळी हिंदी कवितेत चंद्र असायचा, कमळ असायचं, दीप आणि वीणा असायची. कवी मनापासून लिहीत, मीही मनापासून शाई पीत असे. लोक म्हणत, "वा, काय नक्षी आहे!" खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग कविता बदलली. गिरणी सोडून इथे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायला आलेला गुणाजी काम करताना ओळी मोठ्याने वाचायचा. एकीत नळापाशी रांगेत लावलेल्या घागरी, दुसरीत चहाच्या कपाचा तुटका कान. चंद्र आलाच तर पोलिसाच्या बिल्ल्यासारखा. गुणाजी मला हातात घेऊन म्हणाला, "बाबा, आता तुका सुट्टी रे." मला वाईट वाटलं नाही. थकलो होतो.

छप्पन सालची गोष्ट. रत्नप्रभा नावाची हिंदीची मास्तरीण आपली कविता घेऊन छापखान्यात आली. तिची आई मालनबाई मुलुंडच्या मिठागरात डोक्यावरून मीठ वाहायची. कविता त्या आईवरच होती.

"गुणाजीदादा, आधी मी लिहिलं होतं, माँ की एड़ी में समुद्र सूखता है," रत्नप्रभा हसत सांगू लागली. "आयेला अर्थ सांगितला, टाचेत समुद्र सुकतो, तर ती म्हणते, सुकता खंय गो? झोंबता मेलो!"

"मगे?"

"मग काय, तेच लिहिलं. माँ की एड़ी में समुद्र झोंबता है."

गुणाजीचा हात थांबला. "ह्यां खरां," एवढंच तो म्हणाला, आणि ती ओळ त्याने एकही खिळा न चुकवता जुळवली. आई आयुष्यात पहिल्यांदा कागदावर येणार होती, तीही तिच्याच तोंडच्या शब्दाने. मी खणात निवांत होतो.

प्रूफ संस्थेकडे गेलं आणि, संपादकसाहेब, तुमची लाल पेन्सिल फिरून परत आलं. 'झोंबता' शब्दावर काट. समासात शेरा: हा शब्द हिंदीत नाही, टाच काव्यात शोभत नाही. ओळीच्या जागी 'माँ के चरण-कमल वंदित हैं'. वर हुकूम, कमळाचा ठसा लावावा.

"हे बाईंना दाखवलंय ना?" गुणाजीने मालकांना, श्यामकांतांना विचारलं.

"संस्थेकडून आलंय म्हणजे दाखवलंच असणार. लाल पेन्सिलीशी वाद घालायचा नाही रे. लाव."

छापखान्यात हे असं धरूनच चालतात. गुणाजीही धरून चालला. तिथेच चुकलं. मला खणातून काढलं, पुसलं, शाई लावली, आणि मी हजार वेळा त्या बाईच्या डोक्यावर बसलो.

अंक न्यायला रत्नप्रभा आली, ती आईला घेऊनच. मालनबाई दारातच चपला काढून उभ्या राहिल्या. टाचांच्या भेगांत मीठ पांढरं दिसत होतं. रत्नप्रभाने पान उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"वाच गो," मालनबाई म्हणाल्या.

ती वाचेना. मालनबाईंनी पानावर उमटलेल्या माझ्या कमळावर बोट ठेवलं. "ह्यां काय? ह्यो माझो पाय?"

"आये, त्यांनी बदललं."

"कोणी? माझो पाय बघल्यानी तरी?"

श्यामकांत चष्मा पुसत आत निघून गेले. गुणाजीने ती जुनी ओळ पुन्हा जुळवली, मला बाजूला फेकलं आणि हाताने दाबून एक कागद काढला. ओली शाई फुंकत तो म्हणाला, "काकी, ह्यो घ्या. ह्यो खरो."

मालनबाईंनी कागद धरला नाही. "माका नको रे. माका खंय वाचूक येता? ज्यांका वाचूक येता, त्यांका दी."

आणि त्या पायांत चपला सरकवून चालू लागल्या.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही. माझं लाकूड चिरलं आहे, आता मला कुणाच्या डोक्यावर बसवू नका म्हणजे झालं. पण उद्या कुणाच्या तोंडचा शब्द तुमच्या हाती आला, तर तो धुऊन पुसून सजवू नका. आहे तसा पुढे द्या.

आणि साहेब, तो कागद गुणाजीने पाकिटात घालून तुमच्या कचेरीत पोचवला. तुम्हाला वाचता येतं. मिठागरापासून तुमची कचेरी फार लांब नाही. मालनबाईंचा पाय तुम्ही कधी पाहिला होता का? हो की नाही, एवढंच लिहून पाठवा.