मशीन बंद, पगार चालू

दर गुरुवारी जेवणानंतर मशिनं बंद ठेवायची आणि सगळ्यांनी मोठमोठी स्वप्नं बघायची, असं धाकट्या मालकांनी जाहीर केलं तेव्हाच मी ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय. मालक मशिनं बंद ठेवतो, वर पगारही देतो, आणि बदल्यात त्याला काय हवं, तर म्हणे तुमच्या मनातली कल्पना! आमच्या शिलाईखात्यात फुकट कधी सुईसुद्धा मिळाली नव्हती.

"घाबरू नका, वेडगळ वाटलं तरी बोला," धाकटे मालक म्हणाले. थोरल्या मालकांची तब्येत बिघडल्यापासून कारखाना तेच बघत होते. आम्ही इस्पितळांचे कपडे शिवतो, पेशंटचे गाउन, नर्सचे कोट असले. मी आणि माझी नणंद एकाच बाकावर बाह्या शिवायचो. मी त्यांना वन्सं म्हणते. घरातही एकत्र आणि कामावरही, त्यामुळे आमची भांडणंसुद्धा डबल ड्युटी करायची.

माझा संशय हवेतला नव्हता. मागे काजवाल्या बाईंनी झटपट काजं करायची एक युक्ती मोठ्या कौतुकाने सुपरवायझरला दाखवली. बाईंसाठी टाळ्या वाजल्या आणि पुढच्याच महिन्यात काजं करणाऱ्या सगळ्यांचं रोजचं काम वाढलं. तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली, ज्याला काही नवं सुचेल त्याने ते पोटात ठेवायचं. वन्सं तर मधला दोरा न तोडता एकामागून एक बाह्या अशा सरसर शिवायच्या की बघत राहावं. पण सुपरवायझरच्या चपला वाजल्या की लगेच प्रत्येक बाहीला थांबून दोरा कापायच्या आणि वर कपाळाचा घाम पुसायच्या. नाटकात गेल्या असत्या तर नाव काढलं असतं.

बुधवारी डबे उघडल्यावर मी सगळ्यांना बजावलं, "हे मधाचं बोट आहे. उद्या कोणी कामाचं काही बोलायचं नाही. बिनविषारी बोला."

"बिनविषारी म्हणजे?" कटिंगमास्तरांनी विचारलं.

"म्हणजे खिडकीला पडदे हवेत, रेडिओ हवा, असलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काजवाल्या बाई तेवढ्या खाली बघून जेवत होत्या. आणि वन्संही.

घरी आले तर वन्संनी टेबलावर एक गाउन पसरलेला. माझ्या सासूबाई, म्हणजे त्यांची आई, वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचे कपडे बदलायचे म्हणजे आम्हा दोघींची कसरत असायची. मी त्यांना उचलून धरायची, वन्संनी हात बाहीतून ओढून काढायचा, आणि सासूबाई ओठ दाबून सोसायच्या. वन्संनी शिवलेल्या या गाउनच्या बाह्या मानेपासून मनगटापर्यंत उघडत होत्या. हाताखालून कापड सरकवायचं आणि वरून बटणं लावायची. पाठीला कापडच नव्हतं, दोन्ही कुशींखाली खोचायला रुंद पट्ट्या तेवढ्या. माणसाला उचलायलाच नको. पहिल्यांदा घातला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "झालं? एवढंच?"

"हा मी उद्या दाखवणार आहे," वन्सं म्हणाल्या.

"खुळ्या आहात का तुम्ही? कल्पना त्यांची होईल आणि तुम्हाला वाटेला लावतील. माझ्या आणि तुमच्या दादांच्या पगारात घर चालणार आहे का?"

"वहिनी, बाह्या शिवता शिवता म्हातारी व्हायचं का मी? असं अंथरुणावर पडलेल्या सगळ्यांसाठी मला हे करायचंय. एकदा तरी सबंध कपडा माझ्या मनासारखा करू दे."



गुरुवारी मशिनं थांबली तेव्हा मला ती शांतताच खोटी वाटली. एकेक जण उठून पडदे, रेडिओ, मोठा आरसा मागत गेला. धाकट्या मालकांचा चेहरा उतरत चालला. सोंग छान वठवतोय, मी मनात म्हटलं. मग वन्सं उठल्या. त्यांनी कटिंगमास्तरांना सरळ कटिंगच्या टेबलावर आडवं केलं आणि अंग सोडून द्यायला सांगितलं. मास्तरांनी डोळे असे काही मिटले की मागून कोणीतरी "गेले बिचारे" म्हणालं आणि सगळे खो खो हसले. वन्संनी मास्तरांना जरासुद्धा न उचलता गाउन घातला, काढला, पुन्हा घातला. तोवर हसू थांबलं होतं.

धाकटे मालक बटणं काढून, लावून बघत राहिले. "मागची खोली घ्या. दोन मशिनं देतो. करून बघा," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "आणि नाही जमलं तर? वाया गेलेलं कापड कोणाच्या पगारातून कापणार?"

"कोणाच्याच नाही. यांची बाकावरची जागा यांचीच राहील."

"आणि जमलं, की आम्हा सगळ्यांचं काम वाढणार?"

त्यांनी बटणांवरचा हात काढला. "काजांच्या वेळी बाबांनी काय केलं ते मला माहीत आहे. मी तसं करणार नाही."

मी त्यांच्या चेहऱ्यावर खोट शोधली. सापडली नाही, म्हणून संशय आणखीच वाढला.

"जोडीला एक जण निवडा," ते वन्संना म्हणाले.

मी सावरून बसले. आधी नाही म्हणायचं, मग आढेवेढे घेत हो म्हणायचं, एवढं मनाशी ठरवूनही झालं. सासूबाईंना उचलून धरणारी मीच होते ना!

"काजवाल्या बाई," वन्सं म्हणाल्या.

मला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. घरी जाताना मी शेवटी बोललेच, "त्या बाईंच्या मनात काय आहे, बघितलंत का तरी?"

वन्सं थांबल्या. "हेच, वहिनी."

"हेच काय?"

"माझे पहिले कितीतरी गाउन बिघडणार आहेत. तू शेजारी असलीस तर तोंडाने काही बोलणार नाहीस, पण तुझा चेहरा बोलेल. ते मला सोसायचं नाही. आज तू सगळं विचारलंस म्हणून मला धीर आला, खोटं कशाला सांगू? पण रोज नको गं."

त्यांनी माझा हात धरला होता, त्यामुळे मला धड रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी वन्सं मागच्या खोलीत गेल्या आणि बाकावर मी एकटी उरले. थोड्या वेळाने धाकटे मालक माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"काल तुम्ही विचारलंत ते सगळं बरोबर होतं," ते म्हणाले. "आता पुढच्या गुरुवारी तुमचं काय?"

मी आधी त्या प्रश्नात खोच कुठे आहे ते शोधलं. खोच नव्हती. मग उत्तर शोधायला लागले. मालकांचे डाव, सुपरवायझरचे डाव, शेजारणींचे, नातेवाइकांचे, सगळे मला तोंडपाठ होते. त्यात माझं स्वतःचं, मला हवंसं वाटणारं, असं काही सापडेना.

"विचार करून सांगते," मी म्हटलं, आणि ते पलीकडे गेल्यावर मला रडू फुटलं.