फरसबीची थंड कोशिंबीर

थॅक्स्टन बियाणे भांडाराच्या माडीवर अल्मा सँडाल रोज सकाळी दहाला मायक्रोफोनसमोर बसायची आणि आयोवाभरच्या बायकांना स्वयंपाक सांगायची. तीन वर्षांपूर्वी, एकोणीसशे तेवीस साली, ऑर्विल थॅक्स्टनने दुकानाच्या छपरावर रेडिओचे मनोरे उभे केले तेव्हा सगळं गाव हसलं होतं. हवेतून कधी बियाणं विकतात का? पण विकलं बाबा त्याने! बियाणं विकलं, कोंबडीची पिल्लं विकली, मोटारीची टायरं विकली. आणि गेल्या उन्हाळ्यापासून बरण्यांत भाजी वर्षभर टिकवायची पावडर. चिमूटभर घाला, झाकण लावा, भाजीच्या बरण्या तीन-तीन तास उकळत बसू नका. हे सांगणारा आवाज अल्माचा. बायकांनी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं, तरी नवऱ्यांची गाऱ्हाणी त्या पत्रातून तिलाच लिहायच्या.

त्या गुरुवारी पावणेबाराला टपालातून एक खोका आला. आत भुश्यात गुंडाळलेली फरसबीची बरणी आणि शेजारच्या परगण्यातल्या डॉक्टरचं पत्र. एका घरातली चार माणसं तीन दिवसांत गेली. आधी एकाचे दोन दिसू लागले, मग गिळता येईना, मग श्वास. जेवणात फरसबीची थंड कोशिंबीर होती. फळीवर तुमची पावडर होती, आणि भिंतीला टाचलेल्या कागदावर बाईच्या हातची कृती, वर नाव लिहिलेलं : अल्मा सँडाल. त्याच खेपेतली ही दुसरी बरणी पाठवतोय, तपासून घ्या आणि लोकांना सावध करा.

अल्मा पत्र घेऊन थॅक्स्टनकडे धावली. मागच्या आठवड्यात तिनेच सांगितलं होतं, मळणीची माणसं जेवायला असली की उन्हात चूल कशाला पेटवता? बरणी उघडा, कांदा चिरा, व्हिनेगर-साखर घाला, झाली कोशिंबीर. आणि आज मळणीचं यंत्र तिच्या धाकट्या बहिणीकडे, सिग्ने आणि तिचा नवरा नील्स यांच्या शेतावर होतं. सिग्नेने कळवलंच होतं, "अठरा माणसं आहेत गं. तुझीच कोशिंबीर करणार, नाव राख म्हणजे झालं."

आदल्या रात्रीच्या वादळाने टेलिफोनचे खांब आडवे केलेले. शेत चाळीस मैलांवर. बारा वाजता माणसं पानावर बसणार. बॅटरी पुरवून वापरायची म्हणून सिग्नेकडचा रेडिओ अल्माची कृती संपली की बंद व्हायचा, तो थेट बारालाच लागायचा, डुकरांचे भाव ऐकायला. ते भाव थॅक्स्टन स्वतः वाचायचा.

त्याने पत्र वाचलं, घडी घातली आणि परत तिच्या हातात दिलं.

"डॉक्टरांना काय, कुणाच्या तरी माथी मारायचंच असतं. गलिच्छ घर असेल. माझी आई ही पावडर वापरते, पोरी."

"मिस्टर थॅक्स्टन, माझी बहीण वाढायला घेत असेल हो आत्ता! दोन वाक्यं बोलू द्या. पाया पडते तुमच्या."

"भाव वाचायची वेळ झाली. बाजूला हो."

रेडिओचं यंत्र चालवणाऱ्या एमरीने प्रसारण सुरू झाल्याचा दिवा लावला. थॅक्स्टन घसा खाकरतोय तोवर अल्मा पुढे घुसली.

"बायांनो, मी अल्मा. पावडर घातलेल्या बरण्यांतलं काही खाऊ नका. चवसुद्धा घेऊ नका. माणसं मेलीत. सिग्ने, ऐकतेस ना? फेकून दे ती कोशिंबीर, आत्ताच्या आत्ता!"

थॅक्स्टनने तिला ढकललं नाही, एमरीला यंत्रही बंद करायला लावलं नाही. तो हसला. मोकळं, गडगडाटी हसला. त्याच हसण्यावर तर अर्धा मुलूख भाळला होता.

"मंडळी, आमच्या अल्माला ऊन लागलंय वाटतं! एक पत्र आलं आणि बाई घाबरली. माझ्यासमोर तीच बरणी आहे, जिच्यात म्हणे विष आहे. ऐका हं."

झाकण उघडल्याचा आवाज झाला. तो कधी ताक पिऊन दाखवायचा, कधी पाव खाऊन. लोकांना त्याचं ते मचमच खाणं फार आवडायचं. अल्माने बरणी ओढायला हात घातला, तर याने कोपराने तिला अडवलं आणि बोटांनी शेंगा काढून तोंडात कोंबल्या. आणखी. आणखी. मायक्रोफोनला ओठ टेकवून चावत होता मेला.

"अहो थुंका! थुंका ते!" ती ओरडली.

"वा! जरा मीठ हवं होतं," तो म्हणाला. "आता डुकरांचे भाव."

त्याला खरंच वाटत होतं की काही होणार नाही. तिला त्याच गोष्टीची सगळ्यात जास्त भीती वाटली.

सिग्नेकडे जायला तिने एमरीची मोटार घेतली, पण नदीवरचा पूल वाहून गेला होता. चिखलाने माखून संध्याकाळी ती परत आली. डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी सकाळी सातला टेलिफोन वाजला. तारा जोडल्या होत्या.

"काय गं बाई, काल जीवच काढलास आमचा!" सिग्ने हसत होती. "तुझं ऐकून मी वाडगं उचललं होतं फेकायला. पण तुमच्या मालकांनी रेडिओवर खाल्लं तशी माणसं अशी हसली! नील्स म्हणाला, एवढा मोठा माणूस वेडा आहे का स्वतः खायला? वाडगं पुसून खाल्लं सगळ्यांनी."

"तू?"

"मला कुठलं उरायला? वाढता वाढताच संपलं. बोलणी बसली का गं तुला फार?"

थॅक्स्टनचं पहाटेच एमरी अल्माला सांगून गेला होता.

"सिग्ने, डॉक्टरला बोलाव. सगळ्यांच्या घरी निरोप धाड."

"अगं पण मालकांनी खाल्लं ना?"

"मालकांना रात्रीपासून गिळता येत नाही. जीभ हलत नाही त्यांची."

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटला.

"नील्स!" सिग्नेचा आवाज घरात लांब लांब जात होता. "नील्स, अजून झोपलायस? ऊठ ना रे. नील्स!"

अल्मा रिसीव्हर कानाला दाबून उभी राहिली. सिग्ने हाका मारतच होती.