दोघींपैकी एक

परतवाड्याहून येताना जीप उलटली आणि आई-बाप दोघंही एका दुपारी गेले, तेव्हा आकांक्षा दहा वर्षांची होती. तिची धाकटी बहीण शालू पाच वर्षांची.

तेरवी उरकली. हिवरखेडला देवीदासमामाच्या ओसरीवर मामा आणि अमरावतीची आरतीमावशी बोलत बसले. मावशीला मूल नव्हतं. तिच्या नवऱ्याचं, किशोरकाकांचं, ट्रॅक्टरचं मोठं शोरूम होतं.

"दोघी मला झेपायच्या नाहीत, दादा. एकीला नेते," मावशी म्हणाली. मग तिनं आकांक्षाला जवळ ओढलं. "येशील माझ्याकडे?"

पोरगी रडेल, बहिणीला बिलगेल, असं मामाला वाटलं होतं. आकांक्षा चटकन म्हणाली, "येतो."

शालू आत झोपली होती. तिला उठवायचं कोणाला सुचलं नाही. आकांक्षाला सुचलं होतं, पण ती बोलली नाही. शालू उठली असती तर रडून गोंधळ घातला असता, आणि मावशीनं बेत बदलला असता तर?

अमरावतीत तिला स्वतःची खोली मिळाली, इंग्रजी शाळा मिळाली. मावशी मायेची होती, फक्त बोलण्यावर तिचा फार कटाक्ष. "मले नाही, मला म्हण." दोन वर्षांत आकांक्षाचं 'मले' गेलं. पाहुण्यांसमोर मावशी "ही आमची आकांक्षा" म्हणायची, तेव्हा ती ताठ उभी राहायची. पहिली दोन वर्षं ती उन्हाळ्यात हिवरखेडला गेली. पुढे शिकवण्या लागल्या. रविवारी फोन यायचा.

"ताई, तू कधी येऊन राहिली?"

"परीक्षा झाली की."

ती बारावीत गेली त्या जूनमध्ये मामा न कळवता आला. सोबत शालू होती, बारा वर्षांची, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. सोफ्याच्या अगदी कडेला बसली आणि ताईकडे बघून हसली.

"मास्तर म्हनतात पोट्टी हुशार हाये, शहरात शिकवा," मामा मावशीला म्हणाला. "माह्या घरी तिले अभ्यासाले टाइमच भेटत नाई. बायको आजारी, सारं काम हिच्यावरच. तू ठेव इले."

मावशीनं चहाचा कप खाली ठेवला. काकांकडे पाहिलं. मग आकांक्षाकडे वळली. "तूच सांग बाई. तुझ्याच खोलीत राहावं लागेल तिला. तुझं बारावीचं वर्ष. चालेल?"

आकांक्षाच्या तोंडात 'हो' होतं. पण त्याच्या मागोमाग खोली आली, टेबल आलं, घरी येणाऱ्या मैत्रिणी आल्या, आणि त्यांच्यासमोर 'मले-तुले' करणारी शालू आली. ती टेबलाच्या काचेकडे बघत राहिली.

शेवटी शालूच बोलली. "जाऊ द्या, मामा. मले नाई राहाचं. ताईचा अभ्यास बुडंल."

मावशीनं दोघांना जेवून जायचा आग्रह केला. मामा पाण्याचा घोट घेऊन उठला.

परीक्षा संपल्यावर आकांक्षा एकटीच एसटीनं हिवरखेडला गेली. मामीच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं. शालूची शाळा दिवाळीतच कायमची सुटली होती. तिनं घाईघाईनं खुर्ची पुसून मांडली, बशीत बिस्किटं आणली.

"बसा, ताई. तुमाले चहात साखर कमी लागते ना?"

"शालू, तू मला तुमी काहून म्हणून राहिली?" आकांक्षाच्या तोंडून ते जुनं बोलणं अर्धंमुर्धंच आलं.

शालू मनापासून हसली. "तुमी आता मोठ्या घरच्या ना."

"मले माफ कर. त्या दिवशी मी…"

"कायले? तुमी काई बोलल्याच कुठं?" तिच्या आवाजात ना टोमणा होता, ना राग. आतून मामीनं हाक मारली, तशी ती लगेच उठून गेली. आकांक्षा कप धरून बसून राहिली. चहावर साय धरली. शालूनं भांडावं, दोन शब्द टाकून बोलावं, असं तिला वाटत होतं. पाहुण्याशी कोण भांडतं?

अमरावतीला परतल्यावर ती मावशीला म्हणाली, "त्या दिवशी मी मुद्दाम गप्प राहिले."

मावशी चादरीची घडी घालत होती. तिचे हात थांबले. "ठाऊक आहे मला. तू गप्प राहशील हेही ठाऊक होतं, म्हणून तर तुला विचारलं. मला स्वतःच्या तोंडानं नाही म्हणायचं नव्हतं." ती पलंगावर बसली, वयापेक्षा मोठी दिसायला लागली. आकांक्षाला तिचा राग यायला हवा होता. पण तिला मावशीच्या चेहऱ्यात स्वतःचाच चेहरा दिसला, आणि ती भ्यायली.

तिनं अकोल्याला नर्सिंगला प्रवेश घेतला आणि वसतिगृहात राहायला गेली. मावशी रडली, पण तिनं अडवलं नाही. आता दर रविवारी आकांक्षा अकोटवरून हिवरखेडला जाते, सोबत आठवीची पुस्तकं नेते. शालू ती नीट कव्हर घालून ठेवते. सवड मिळाली की गणितं सोडवते, नाही मिळाली की नाही. गेल्या रविवारी आकांक्षानं तिच्या हातातलं झाडणं घेतलं, तर शालू एकदम गोरीमोरी झाली.

"राहू द्या ना, ताई. कपडे खराब होतीन तुमचे."

आकांक्षानं झाडणं सोडलं नाही. वाकून ती अंगण झाडू लागली. शालू दारात उभी राहून, हात कुठं ठेवावेत ते न कळून, बघत राहिली.