पाठीमागचं झाकण

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे, मित्रांनो, आणि स्वभावानं पक्की संशयी आहे. तुम्ही हसाल, पण माझी घडणच तशी. ही पुढची गोल काच म्हणजे माझा एकुलता एक डोळा. पाठ कायम भिंतीला. त्यात लाइट गेली की माझी शुद्धच हरपते. अशा जिवानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जालन्याच्या दुकानातून टेम्पोत बसून मी कुंभार पिंपळगावला धर्मराजांच्या घरी आले. त्यांच्या पत्नी पुष्पाबाईंनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पाणी स्वतःच तापवून घेणारी मशीन म्हणून शेजारच्या बायका मला बघायला येत, आणि मला ते फार आवडायचं. रानातल्या चिखलाचे सदरे मी न कुरकुरता धुतले. बोअरच्या पाण्यानं माझ्या हीटरवर पांढरा थर चढला, तरी गरम पाण्याला मी कधी नाही म्हटलं नाही.

मग या घरच्या लेकीचं, शीतलचं लग्न निघालं. लग्नाच्या थोडं आधी माझा पट्टा तुटला. गावातल्या लतीफ मेकॅनिकनं माझी पाठ उघडून नवा बसवला. लग्नात पाहुण्यांच्या चादरी धुता धुता माझा दम निघाला. लाइट सारखी ये-जा करायची. मी कधी इन्व्हर्टरवर फिरायची, कधी बेशुद्ध पडायची. उन्हाळाच होता, त्यामुळे गरम पाण्याचं बटण कुणी दाबलं नाही.

ते दाबलं थंडीत, सुनेनं, सुरेखानं. तिला बाळाची दुपटी गरम पाण्यात धुवायची होती. बऱ्याच वेळानं तिनं माझ्या काचेवर तळहात ठेवला. काच गारठलेली.

पुष्पाबाई लगेच म्हणाल्या, लतीफनं पट्टा बदलताना हीटर काढून नेला. बचत गटाची बैठक आमच्याच ओसरीवर भरते. तिथंही त्यांनी तेच सांगितलं. हळूहळू बायका आपले मिक्सर दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेऊ लागल्या. लतीफची सगळी कमाई घरोघर जाऊन दुरुस्ती करण्यावर. एकदा चोर ठरला की त्याला कोण उंबरठा ओलांडू देणार? खरं सांगते, संशय मलाही त्याचाच होता.

पण धर्मराज म्हणू लागले, जुनाट झाली, द्या भंगारात. वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करून ठेवणारा हा माणूस! तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली.

एके सकाळी लतीफ न बोलावताच आला. "तुमच्यासमोर मशीन खोलतो," एवढंच म्हणाला. पुष्पाबाई खुर्ची टाकून बसल्या आणि त्यांनी पुढं स्टीलचं ताट सरकवलं. "स्क्रू यात टाक. माझ्या नजरेसमोर."

लतीफनं एकेक स्क्रू ताटात ठेवला. झाकण निघालं. हीटर जागच्या जागी होता. त्यानं मीटर लावून पाहिला, तर हीटर ठणठणीत. फक्त त्याची एक वायर सुटून लोंबत होती. तिच्या टोकाला बियाण्याच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून वर पिवळा दोरा बांधलेला होता.

सुरेखानं वाकून पाहिलं. "हा तर शीतलताईच्या हळदीचा दोरा. लतीफभाई हळदीच्या आधीच येऊन गेल्ते."

पुष्पाबाईंनी मान वळवून मागं उभ्या असलेल्या नवऱ्याकडं पाहिलं.

"लग्नात लाइट गेल्ती," धर्मराज म्हणाले. "इन्व्हर्टर हिच्या हीटरचा लोड घेत न्हाई. कुणी चुकून गरम पाण्याचं बटण दाबू नये म्हणून मीच वायर काढल्ती. परत जोडायची राहून गेली."

"मंग मी याचं नाव घेत होते तव्हा तोंड का उघडलं न्हाई?"

"पहिल्या दिवशी बोललो न्हाई. मंग रोज अवघडच होत गेलं."

लतीफनं हीटरवरचा थर खरवडला, वायर जोडली, झाकण लावलं. मजुरी घेतली नाही. "काकू, तुम्ही जिथं बोलल्या तिथंच हे सांगा. दुसरं कायबी नको."

पुढच्या बैठकीत पुष्पाबाईंनी नवऱ्याला हाताला धरून बायकांसमोर उभं केलं. बायकांत कधी न बसणारे धर्मराज खाली मान घालून सगळं बोलले. त्यानंतर पुष्पाबाई म्हणाल्या, "अन् मी न बघताच बोलले." मला दोघांचाही राग आला होता, आणि त्या घटकेला दोघांची कीवही आली.

मित्रांनो, माझं मागणं थोडकंच आहे. माझ्या हीटरवरचा थर अधूनमधून काढत जा. काही बिघडलं तर कुणाचं नाव घेण्याआधी मला भिंतीपासून पुढं ओढा आणि माझी पाठ उघडून पाहा.

आता पाणी छान तापतं, बाळाची दुपटी ऊन ऊन निघतात, लतीफची कामंही परत सुरू झालीत. मध्यंतरी तो माझा पाइप बदलायला आला होता. पुष्पाबाईंनी आधी चहा पुढं केला. त्यानं तो बाजूला ठेवला आणि म्हणाला, "काकू, आधी स्क्रूचं ताट आणा."