फातियातलं जास्तीचं नाव

"बडेमिया झाले, दगडूभाई झाले, बिस्मिल्ला दादी झाली, पटकीत गेलेली दोन पोरं झाली." हाफीजनं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिल टेकवली. "पुढं बोल, अम्मा."

"पुढं कुणी न्हाई," कमरबी म्हणाली, आणि चुलीतलं लाकूड तिनं उगाच आत ढोसलं.

"आसं कसं? अब्बा शेवटी आनिक एक नाव घ्यायचे. हळू आवाजात. कुना बाईचं."

"न्हवते घेत. तुझ्या कानात वारं गेलं आसंल."

हाफीज पौडला शिलाईचं दुकान चालवायचा. त्याचा बाप इलाही म्हणजे वाडीचा मुलाणी. धरणाच्या काठानं जेवढी घरं, तेवढ्यांची बोकडं-कोंबडी त्याच्याच सुरीखाली जायची. दिवाळीच्या सुमाराला तो गेला, आणि आता त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्यामागची पहिली शबेबरात आली होती. त्या दिवशी पौडचे मुल्लाजी येत, ऊद जळे, मलिद्याचं ताट पुढं ठेवून ते फातिया पढत, आणि घरधनी घरातल्या मेलेल्यांची नावं एकेक करून सांगे. ज्याचं नाव घेतलं त्याला पोचलं. ज्याचं राहिलं तो बिचारा दारातून उपाशी परत. या घराची सगळी वंशावळ इलाहीच्या डोक्यात होती, कागदावर एक अक्षर नव्हतं. बाप गेला तशी नावंही जातील, या धास्तीनं पोरगा पेन्सिल घेऊन बसला होता.

कमरबीला ते जास्तीचं नाव चांगलं पाठ होतं. तुळजाबाई. मुलाण्याच्या घरात तुळजाबाई!

हाफीजच्या जन्मानंतरच्या पहिल्याच शबेबरातीला तिनं ते नाव ऐकलं. तान्हं पोर मांडीवर, आणि पडद्यापलीकडे नवरा घरच्या माणसांच्या रांगेत एक परकी बाई आणून बसवतोय. वर मलिद्याचा एक घास पानावर घेऊन तो पाण्याच्या दिशेनं गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. विचारायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण विचारलं आणि तो खरं बोलला तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिच्या मनानं त्या बाईला रंग दिला, रूप दिलं, नाकात नथसुद्धा घातली. बाई मेलेली आहे एवढंच काय ते समाधान, पण मेलेली सवत जिवंत सवतीपेक्षा वाईट. ती म्हातारी होत नाही!

एकदा तर कमरबीनं नव्या शेळीचं नाव तुळजा ठेवलं. अंगणातून मोठ्यांदा हाक मारली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. गडी शांतपणे चहा पीत राहिला. मग म्हणाला, "शेळीला मानसाचं नाव ठिवू ने." झालं! काळजात रुतलेला काटा आणखी आत गेला. असा नवरा, कधी हात उगारला नाही, कधी पिऊन आला नाही, बाजारातून येताना तिच्यासाठी आठवणीनं पान आणणारा. आणि या सगळ्या चांगुलपणाकडे ती तिरप्या नजरेनं बघत आली. चोराच्या मनात चांदणं, म्हणूनच एवढा गोड वागतो, असं तिला वाटे.

आता तर नावांची किल्ली तिच्याच हातात होती. गाळलं की गेलं. तुळजाबाई कायमची दाराबाहेर. पण हाफीज म्हणाला, "अब्बा कुनाचं तरी नाव उगाच घ्यायचे न्हाईत. गाळलं तर त्यांनाच बोल लागंल." ते ऐकून तिला रात्रभर झोप लागली नाही. नाव गाळावं तर नवऱ्याला बोल, घ्यावं तर सवत आपल्याच तोंडानं घरात घ्यायची.

सकाळी ताकाचं निमित्त करून ती वर धनगरवाड्यात गेली. बानूबाई तिच्याच वयाची, या वाडीत जन्मली आणि याच वाडीत दिलेली. ओसरीत लोकर पिंजत बसली होती. ताक मिळालं, पान झालं, शेरडं-करडं झाली, तरी कमरबी उठेना.

"काय गं, पोटात काय दडिवलंयस?" बानूबाईनं विचारलं.

"काय न्हाई. हितं तुळजाबाई म्हणून कुनी व्हती का गं?"

"कंची? ती पान्याकाठची व्हय? तू तिला कशी बगशील? तू नवी नवरी, पडद्यात. मग म्हायेरी. हाफीजच्या येळंला गेली व्हतीस न्हवं का, तवाच झालं ते समदं."

कमरबीच्या हातातली ताकाची चरवी कलंडली. म्हणजे खरंच! मी माहेरी बाळंत होतेय आणि हा इकडे... तिनं चरवी सरळ केली. "दिसाय कशी व्हती?"

"दिसाय?" बानूबाई खो खो हसली. "तोंडात यक दात न्हवता! कमरंत वाकल्याली. अंडी इकायची. माझ्या सासूपरीस थोरली व्हती, बाई."

कमरबीच्या मनातली ती नथवाली बाई कुठं गेली कुणास ठाऊक.

"तिचं गाव धरनात गेलं," बानूबाई सांगू लागली. "नवरा, पोरगा आदीच गेल्यालं. भावकी कुटंकुटं पांगली, ही यकटीच ऱ्हायली काठाला. मेली तवा गावानंच दहावा घातला. पर पिंडाला कावळा शिवंल तर शप्पत! कोंडाजी म्हनला, तुझ्या कोंबड्या सांभाळतो. गेणबा म्हनला, तुझं खोपाट मोडनार न्हाई. कावळा आपला खडकावर बसून बगतोय. दुपार टळली, मानसं उपाशी. तेवढ्यात तुझा नवरा कुनाचं तरी कोंबडं कापून तितनं चालल्याला. त्याला ठावं व्हतं म्हातारीच्या मनातलं. त्याच्याकडं कोंबडं घिऊन आली की म्हनायची, 'मुलाण्या, आमच्यात घास घालाय पोरगा लागतो. तुमच्यात नुसतं नाव घेतलं तरी पोचतं. तुमचं बरं हाय बाबा.' त्यानं पायताण काढलं, पिंडाफुडं हुबा ऱ्हायला नि म्हनला, 'मावशी, माझ्या घरच्यांत तुझं नाव घिईन, मरंस्तवर घिईन.' बाई गं, त्याचा सबुद पुरा व्हतोय न व्हतोय तवर कावळा खाली!"

"हे समद्यास्नी ठावं हाय?"

"त्या वक्ताच्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय! तुला न्हाई?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कमरबीनं विचारलं, "मला का न्हाई सांगितलं ह्यांनी?"

"अगं येडे, तू वली बाळंतीन. बाळंतिनीला कावळ्या-पिंडाचं सांगत्यात व्हय कुनी? आमास्नीच दटावलं व्हतं त्यानं, कमरबीच्या कानाव घालू नगा, पोराला पान्हा सुकंल म्हनून. मग फुडं ऱ्हाऊन गेलं आसंल. तू तरी इचारायचंस."

कमरबी उतारानं खाली आली ती एकटीच मोठ्यांदा बोलत. मेलेल्या माणसाला तिनं मनसोक्त झापलं. "येवढंच व्हतं तर तोंड शिवलं व्हतं का तुमचं? बाळंतपन काय जलमभर चालतं?" मग एका करवंदीच्या जाळीपाशी ती मटकन बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. त्याच्या मौतीला रडली नव्हती एवढी रडली. तेव्हा तिच्या रडण्यालाही संशयाची कीड लागलेली होती. एवढा सोन्यासारखा माणूस शेजारी निजला, आणि आपण त्याची झडती घेत आयुष्य काढलं! आता माफी तरी कुणाजवळ मागायची?

शबेबरातीला दिवस कलायच्या आत मुल्लाजी आले. ऊद पेटला. हाफीज कागद घेऊन बसला, तर कमरबी पडद्याआडून बाहेर आली आणि ताटाशेजारी बसली. "म्या सांगते," ती म्हणाली. हाफीजनं मुल्लाजींकडे बघितलं. मुल्लाजींनी मान हलवली.

बडेमिया, दगडूभाई, बिस्मिल्ला, पटकीतली पोरं. ती एकेक नाव सांगत गेली.

"तुळजाबाई."

हे मुल्लाजी नवे होते. त्यांनी डोळे वर केले. "ही कोण?"

"आमच्या घरातलीच हाय," कमरबी ठणकावून म्हणाली. "घ्या नाव."

त्यांनी घेतलं. "आणि आता घरधन्याचं?"

हाफीजनं तोंड उघडलं. तिनं त्याचा हात दाबला. ह्यांनी, आमचे हे, हाफीजचे अब्बा, असं करतकरत तिचा जन्म गेला होता. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. आता कसलं कमी व्हायचं राहिलंय? तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"इलाही," ती म्हणाली.

म्हातारी अल्लाला हाक मारतेय असं मुल्लाजींना वाटलं. तेही हळूच "या इलाही" म्हणाले आणि नावाची वाट बघत थांबले.

कमरबीला आधी कळेचना. मग कळलं.

"तसं न्हवं, मुल्लाजी," ती म्हणाली. "नावच हाय त्ये. आमच्या मालकाचं." आणि आता तिनं ते पुन्हा, जरा मोठ्यानं घेतलं.